मैनेचा शाहीर : अमर शेख आणि अर्धा राहिलेला महाराष्ट्र

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ साठे गेले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ रस्त्यावरच्या अपघातात शाहीर अमर शेख गेले. एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं गायचं, असा या दोघांचा व्यवहार पंचवीस वर्षं चालला होता. अण्णाभाऊ स्वतः गात होते, अमर शेख स्वतः लिहीत होते. पण गिरणगावातल्या माणसाला विचारलं तर तो अण्णाभाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा गळा असंच सांगायचा.

दोघांचीही जन्मगावं आणि जाती-धर्म ध्यानात घेतले, तर मराठी राज्याच्या इतिहासातली एक गोष्ट ठळक दिसते. अण्णाभाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या मातंग वस्तीतले, अमर शेख बार्शीच्या गरीब मुसलमान घरातले. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला पुढारी पुष्कळ लाभले. संपादक, वकील, प्राध्यापक होते, आचार्य अत्र्यांसारखा वक्ता होता. पण त्या मागणीला जो सूर लागला, जो सभेनंतर चाळीच्या जिन्यावर आणि गावाकडच्या एसटीत गुणगुणला गेला, तो या दोघांनी दिला.

अमर शेखांचं मूळ नाव मेहबूब हुसेन. जन्म २० ऑक्टोबर १९१६चा. बार्शी हे भगवंताच्या देवळाचं गाव, तसंच कापसाच्या बाजाराचं, गिरण्यांचं आणि कुर्डुवाडीहून येणाऱ्या छोट्या रेल्वेचं. आई मुनेरबी. तिच्या तोंडी असलेली लोकगीतं हाच या मुलाचा पहिला रियाज. पुढं शाळेपेक्षा पोटाचीच शाळा मोठी ठरली. मोटारीवर क्लीनर म्हणून राहायचं, गिरणीत राबायचं, हे करता करता तो गिरणी कामगारांच्या संपात उतरला आणि विसापूरच्या तुरुंगात गेला. स्वातंत्र्य चळवळीच्या काळात विसापूरच्या भिंतींआड गेलेली माणसं बहुधा बाहेर येताना काही ना काही शिकून येत. मेहबूबला तिथं कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर भेटले आणि कामगाराच्या रागाला राजकीय विचाराची दिशा मिळाली. नंतर कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काही काळ काम केलं. तिथं मेहबूबचा अमर झाला आणि तेच नाव कायमचं चिकटलं.

१९४४ साली मुंबईत अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. काळ मोठा चमत्कारिक होता. युद्ध चालू होतं, बंगालमध्ये दुष्काळानं माणसं मरत होती, कम्युनिस्ट पक्षावरची बंदी १९४२ साली उठली होती आणि इप्टा या जननाट्य संघटनेची स्थापना १९४३ साली मुंबईतच झाली होती. देशभरातले नट, गायक, लेखक ‘लोकांकडे जायचं’ म्हणत होते. या तिघांना लोकांकडे जायची गरजच नव्हती. ते तिथूनच आले होते. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात किंवा परळच्या मैदानात त्यांना प्रेक्षक शोधावा लागत नव्हता. पाळी सुटली की प्रेक्षक चालत येई.

त्यांच्या कार्यक्रमांत जगाची बातमी असायची आणि घराचीही. स्टालिनग्राडच्या लढाईवर पवाडा, बंगालच्या दुष्काळाची हाक, अमळनेरच्या गिरणी कामगारांवर झालेल्या गोळीबाराची कहाणी, फाळणीच्या दंग्यांवरचा पवाडा, तेलंगणाच्या शेतकऱ्यांचा लढा, आणि जोडीला ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’ अशी हसवता हसवता चिमटा काढणारी वगनाट्यं. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्याला स्टालिनग्राड कुठं आहे हे डफाच्या थापेवर कळत होतं. पवाड्याचं हे मूळचंच काम. पेशवाईतल्या शाहिरानं लढाईची खबर गावोगाव नेली, या शाहिरांनी संपाची आणि दुष्काळाची नेली.

मात्र जुना साचा त्यांनी जसाच्या तसा उचलला नाही. तमाशाची सुरुवात गणानं होते, गणपतीला वंदन करून. अण्णाभाऊंनी तिथं मायभूमीला, शिवाजी महाराजांना आणि देशासाठी झिजलेल्यांना नमन घातलं. गणानंतर येणारी गवळण, म्हणजे पेंद्या-मावशीची ती छेडछाड, त्यांनी काढून टाकली. सोंगाड्या ठेवला, पण त्याच्या तोंडी शेटजी-सावकाराची फिरकी दिली. ढोलकी, तुणतुणं, झील धरणारे साथीदार, हजरजबाबी बतावणी हे सगळं राहिलं. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांच्या राजवटीत तमाशावर बंदी आली, तेव्हा याच नव्या रूपाला ‘लोकनाट्य’ हे नाव मिळालं आणि ते टिकलं. पुढं मध्यमवर्गीय रंगभूमीनं लोकनाट्य डोक्यावर घेतलं. त्याचा कारखाना मात्र माटुंगा-परळच्या कामगार वस्तीत होता.

अमर शेखांच्या गाण्याबद्दल ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्यांनी आवाजाचा उल्लेख केला नाही असं झालं नाही. पहाडी, उंच पट्टीचा, कर्ण्याची फारशी गरज नसलेला. पण नुसत्या मोठ्या आवाजानं काम भागत नाही. पवाडा हा अर्धा गाण्याचा आणि अर्धा बोलण्याचा प्रकार. शाहीर चौक म्हणतो, मध्येच थांबून प्रसंग सांगतो, झीलकरी ‘जी जी’ म्हणत त्याला पुढं ढकलतात आणि तो पुन्हा वरच्या सुरात शिरतो. थांबायचं कुठं, हे ज्याला कळतं तोच सभा धरून ठेवतो. आचार्य अत्र्यांनी अमर शेखांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं, त्यामागं हे कसब होतं. मायकोव्हस्कीही चौकात उभा राहून कविता म्हणणारा कवी होता.

आता संयुक्त महाराष्ट्राकडे येऊ. मराठी भाषकांचं एक राज्य व्हावं हा ठराव १२ मे १९४६ रोजी मराठी साहित्य संमेलनात झाला. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, आणि गाव बेळगाव. ज्या गावात मागणीला वाचा फुटली, तेच गाव पुढं मागणीच्या बाहेर राहायचं होतं. राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ मध्ये मराठी माणसाच्या हातात द्विभाषिक मुंबई राज्याचा प्रस्ताव ठेवला, तोही विदर्भ वगळून. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि १५ माणसं गेली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि गिरणगाव पेटलं. सगळी चळवळ मिळून शंभरावर माणसं मेली. त्यांतले बहुतेक कामगार, हातावर पोट असलेले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, नोव्हेंबरात अत्र्यांचा ‘मराठा’ निघाला, आणि १९५७च्या निवडणुकीत समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली.

सभा संध्याकाळी, शाहीर सभेच्या आधी. पुढारी येईपर्यंत गर्दी जमवणं आणि जमलेली धरून ठेवणं हे शाहिराचं काम समजलं जाई. अमर शेख, आत्माराम पाटील, शाहीर साबळे, गव्हाणकर यांनी ते काम असं केलं, की पुष्कळ माणसं शाहीर ऐकायला येऊ लागली आणि भाषणाला थांबू लागली. या सभांतलं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे अण्णाभाऊंची छक्कड, ‘माझी मैना’. अमर शेखांनी ती घरोघर पोहोचवली. पुढच्या पिढीत विठ्ठल उमपांनी ती जिवंत ठेवली.

या छक्कडीची बांधणी नीट बघण्यासारखी आहे. सुरुवात होते ती राजकारणाचा वासही नसलेल्या ठिकाणी. पोटासाठी मुंबईला निघालेला एक माणूस गावात राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचं रूप, तिचा साधा दागिना, तिचं वागणं-बोलणं तो चवीनं सांगतो. निरोपाचा प्रसंग येतो. ती वाटेपर्यंत आलेली, डोळे भरलेले, आणि हा दागिन्यांची वचनं देऊन तिची समजूत काढतो. ऐकणारा इथं गुंतलेला असतो, कारण मैदानात बसलेल्या हजारोंची बायको खरोखरच साताऱ्याला, रत्नागिरीला, कोल्हापूरला होती. गिरणगावचा संसारच तसा होता : खोलीत दहा-बारा गडी, खानावळीचं जेवण, आणि वर्षातून एकदा गावाची वारी. मग गाणं मुंबईत शिरतं. इथली धनाढ्य वस्ती आणि इथला फाटका कामगार समोरासमोर येतात. आणि त्यानंतर, ढोलकीची लय जराही न तुटता, शाहीर म्हणतो की जे माझ्या बायकोचं झालं तेच महाराष्ट्राचं झालं. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं विरहाच्या त्याच चालीत येऊ लागतात.

हे वळण घेताना गाणारा जरा जरी घोषणेच्या सुरात गेला तरी सगळं कोसळतं. अमर शेखांची खुबी अशी, की ते त्या ओळींत रागावत नसत. दुःख तेच ठेवत, फक्त माणूस बदलत. सीमेचा प्रश्न म्हणजे आयोगाचे अहवाल, जनगणनेचे आकडे, तालुक्यांच्या याद्या. सामान्य माणसाला त्यात काय कळणार? पण आपलं माणूस लांब राहिलं की कसं वाटतं, हे त्याला कोणी समजावून द्यावं लागत नव्हतं. नकाशाची मागणी अशी काळजाच्या भाषेत आली. इतर कोणत्याही भाषणाला हे साधलं नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू मराठी लेखांत सहसा येत नाही. कन्नड भाषकांनाही एकीकरण हवं होतं. त्यांचा मुलूखही मुंबई इलाखा, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर, कुर्ग असा वाटला गेला होता. १९२४ साली बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा हुईलगोळ नारायणराव यांनी रचलेलं कन्नड नाडूच्या उदयाचं गीत तिथं गायलं गेलं. म्हणजे मराठी एकीकरणाचा ठराव जिथं झाला, त्याच गावात बावीस वर्षं आधी कन्नड एकीकरणाचा सूर लागला होता. एकच गाव, दोन मागण्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवारचा उत्तर कानडा हे जिल्हे मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले. बेळगाव जिल्ह्यातला फक्त चंदगड तालुका अलीकडे राहिला.

तेव्हापासून या मुलखाची राजधानी बंगळूर. पण सीमा बदलली म्हणून जुनी नाती तुटली नाहीत, आणि ते बंगळूरमध्येही दिसतं. आज बंगळूरच्या दक्षिणेला बनशंकरी नावाचं मोठं उपनगर आहे. कनकपुरा रस्त्यावरच्या तिथल्या देवळात राहूकाळी बायकांची रांग लागते. लिंबू अर्धं कापायचं, रस पिळून टाकायचा, साल उलटी करून तिचा दिवा करायचा, आणि तो देवीपुढं लावायचा. या देवीचं मूळ ठाणं बदामीजवळ चोळचगुड्डला. तीच शाकंभरी, आणि ती कित्येक मराठी घराण्यांची कुलदेवता. पौषात शाकंभरी नवरात्र बसतं तेव्हा मराठी घरांत तिचं नाव निघतं, आणि त्याच पौर्णिमेला बदामीजवळ तिची जत्रा भरते. बदामी विजापूर जिल्ह्यात होती, म्हणजे १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच. कुलदेवता कोणत्या राज्यात गेली याची चौकशी कुठल्याही आयोगानं केली नाही, आणि कुळाचारानंही सीमा मानली नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला मात्र सीमा दिसते. बंगळूरभर राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लागतात, रिक्षांवर, दुकानांवर, चौकांत. त्याच दिवशी बेळगावातली मराठी माणसं काळा दिवस पाळतात. बनशंकरीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हे दोन्ही एकाच सकाळी कळतं. एक खिडकीतून, दुसरं गावाकडच्या फोनवरून. आणि त्याच उपनगरात उभ्या राहणाऱ्या इमारतींवर काम करणारे मजूर बघावेत, तर त्यांतले कितीतरी बागलकोट, विजापूर, कलबुर्गी या उत्तरेकडच्या कोरड्या जिल्ह्यांतून आलेले. पत्र्याच्या खोपटात राहायचं, मुकादमाच्या हिशेबावर जगायचं, आणि म्हातारे आई-बाप, कधी बायको-पोरं गावाकडं ठेवायची. नकाशाच्या वादात हा माणूस मराठी शाहिराच्या विरुद्ध बाजूला उभा राहील. पण ‘माझी मैना’चा पहिला भाग कोणी त्याला कन्नडमध्ये सांगितला, तर त्यातला नवरा आपणच आहोत हे त्याला उमजायला वेळ लागणार नाही. अण्णाभाऊंनी आणि अमर शेखांनी ज्या दुःखावर ही मागणी उभी केली, ते दुःख कामगाराचं होतं. त्याला भाषा नंतर लागली.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. छक्कडीतल्या गावांचं मात्र काय झालं? बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यातच राहिले, डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. १९६७च्या अहवालात त्यानं निपाणी आणि काही गावं महाराष्ट्राला द्यावीत असं सांगितलं, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवलं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. २०१२ मध्ये कर्नाटकानं बेळगावात सुवर्ण विधानसौध उभारून आपलं उत्तर दिलं. गाणं म्हणून ‘माझी मैना’ जिंकली, अर्ज म्हणून ती बहुतांशी फेटाळली गेली.

राज्य झाल्यावर शाहिरांचं काय होतं, हाही प्रश्न आहे. अमर शेखांचे ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे काव्यसंग्रह आले. त्याआधी ‘पहिला बळी’ हे नाटक झालं होतं. अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ आणि नंतर ‘प्रपंच’ या चित्रपटांत ते दिसले. गोवामुक्तीच्या लढ्यातही त्यांचा डफ वाजला होता. १९६२ साली चीननं आक्रमण केलं, तेव्हा कम्युनिस्ट पक्षात चीनवरून दुही माजली होती. अमर शेख मात्र देशाच्या संरक्षणासाठी गात फिरले आणि संरक्षण निधीला पैसा गोळा करून दिला. पक्षाची भूमिका काय आणि लोकांची भावना काय, असा पेच पडला की हा माणूस लोकांकडं झुकायचा. त्याचं राजकारण पुस्तकातून आलेलं नव्हतं, त्यामुळं पुस्तक बदललं म्हणून ते बदललंही नाही.

सन्मान पुढं आले. अण्णाभाऊंच्या नावानं टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेखांच्या नावाचं अध्यासन झालं. राज्यानं २०२३ मध्ये स्वतःचं राज्यगीत निवडलं, ते राजा बढे यांनी लिहिलेलं आणि शाहीर साबळ्यांनी गायलेलं. ते अभिमानाचं गाणं आहे आणि राज्यगीताला तेच शोभतं. ज्या गाण्यात काहीतरी राहून गेल्याची तक्रार आहे, असं गाणं कोणतंही सरकार शाळेच्या प्रार्थनेला लावत नसतं.

शाहिरांचा खरा वारसा सरकारी यादीबाहेर वाढला. अमर शेखांची कन्या मल्लिका कवयित्री झाली. नामदेव ढसाळांशी तिचा संसार, आणि त्यावर तिनं निर्भीडपणे लिहिलेलं आत्मकथन हे मराठी साहित्याचं वेगळंच प्रकरण आहे. वामनदादा कर्डकांपासून संभाजी भगतांपर्यंत आंबेडकरी आणि डाव्या जलशांची रांग लागली. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट त्यांच्यापासून सुरू होतो. डफ हातात घेतलेल्या माणसाकडं सत्ता संशयानं बघते, हे तमाशाबंदीच्या काळातही खरं होतं आणि आताही खोटं नाही.

पण अमर शेखांच्या गाण्याचा हिशेब करताना बेळगावपेक्षा मोठी बाकी दुसरीकडेच निघते. हुतात्मा चौकातल्या स्मारकावर हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. मुंबई महाराष्ट्राला मिळाली ती त्यांच्या जिवावर. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार त्यात उतरले, संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही, गिरण्याच हळूहळू बंद पडत गेल्या. लालबाग-परळच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. कामगारांची कुटुंबं कल्याण-बदलापूरच्या पुढं सरकली, कित्येक थेट गावाला परतली. मैनेचा नवरा अखेर तिच्याकडं पोहोचला, पण दागिने घेऊन नव्हे, बंद गिरणीची थकबाकी मागत. ‘मुंबई कोणत्या राज्यात’ या प्रश्नाचं उत्तर शाहिरांनी मिळवून दिलं. ‘मुंबई कोणाची’ हा प्रश्न त्यांनी त्याच छक्कडीत, त्याच दमात विचारला होता. तो सीमावादासारखा कोर्टातही नाही, कारण त्याचा दावा लावायला पुढं कोणी आलंच नाही.